उस्तादांचा शेवटचा हात

वकीलबाईंची गाडी तिसऱ्यांदा आली तेव्हा मी दुसऱ्याच एका गाडीखाली पाठीवर पडले होते. मला आधी त्यांचे बूट दिसले. कोर्टात जायचे काळे बूट, माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबलेले. खूश गिऱ्हाईक गॅरेजमध्ये इकडेतिकडे फिरतं, भिंतीवरची अवजारं बघतं. हे बूट जागचे हलत नव्हते.

"नव्वदच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं," वरून आवाज आला. "पहिल्यांदा थरथरत होतं तसंच. तुम्ही दोनदा दुरुस्त करून दिल्यानंतरही अगदी तसंच."

मी बाहेर सरकून उठेपर्यंत बाबांनी आपल्या खुर्चीतून निदान करूनसुद्धा टाकलं होतं.

"नट सैल राहिले असणार. हात हलका आहे तिचा."

तिचा म्हणजे माझा. मी त्यांची मुलगी. या गॅरेजमध्ये अकरा वर्षं काम करतेय, आणि अकरा वर्षं माझा हात हलका आहे. इंजिन उतरवताना तो हलका नसतो, गिअरबॉक्स पोटावर घेऊन सरकताना नसतो. चाकाचे नट आवळायची वेळ आली की मात्र तो एकदम हलका होतो. बाबांना सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादांनी एखादी गोष्ट चारचौघांत सांगितली की ती खरीच असते, निदान आमच्या रस्त्यावर तरी.

आता शेवटच्या हाताबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या गॅरेजमधून कुठलीही गाडी बाबांनी चाकांना शेवटचा हात लावल्याशिवाय बाहेर पडत नाही. काम कुणीही केलेलं असो, गाडी जॅकवरून खाली आली की बाबा उठतात, शर्टाच्या बाह्या वर करतात आणि चारी चाकांचा एकेक नट स्वतः आवळतात. मी लहान होते तेव्हा ते साध्या पान्याने करायचे. प्रत्येक नटाला एक छोटासा झटका, निरोप दिल्यासारखा. मी चाकांच्या कामाला हात घातला त्या वर्षी त्यांनी पान्याच्या दांड्याला हातभर लांबीचा लोखंडी पाइप जोडला. पाइप जितका लांब तितका जोर जास्त. मग तो दीड हात झाला. वकीलबाई दुसऱ्यांदा आल्या त्या दिवसापासून तो दोन हात झाला होता.

गिऱ्हाइकांना हे फार आवडायचं. बाबा पाइपवर रेलायचे, कपाळावरची शीर फुगायची, घशातून "हुं" असा आवाज यायचा आणि नट कुरकुरायचा. लोक हातातला फोन बाजूला ठेवून बघायचे. कुणाला घाई असली तरी "उस्ताद, हात राहिला," असं आठवण करून द्यायचे. मी चार तास गाडीखाली घालवलेले असायचे, ते कुणाच्या गावीही नसायचं.

माझ्याकडे टॉर्क पाना आहे. पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून घेतलेला. त्यावर हवा तेवढा जोर ठरवून ठेवायचा, नट तेवढा आवळला गेला की पाना 'टक' असा आवाज करतो आणि आपण थांबायचं. बाबांनी त्याचं नाव टकटक्या ठेवलंय. "लोखंडाला विचारून आवळतात का कधी?" असं ते म्हणतात.

त्या दिवशी माझा चुलतभाऊही हजर होता. तो गाड्यांची सीट कव्हरं, चटया आणि अत्तराच्या बाटल्या विकतो. माझ्याहून चार वर्षांनी लहान, स्वभावाने वाईट नाही, पण गेले दोन महिने तो आमच्याकडे येताना मोजपट्टी घेऊन यायचा. बाबांचे गुडघे गेलेत. वर्षअखेर गॅरेजच्या चाव्या कुणाच्या तरी हातात द्यायच्या, असं त्यांनी जाहीर केलं होतं. कुणाच्या, ते जाहीर केलं नव्हतं. गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा बुजवून तिथे आपल्या दुकानाचा सोफा कुठे येईल, ते चुलतभावाने मोजून ठेवलं होतं.

"हे बघ," बाबा मला म्हणाले. वकीलबाई समोर, चुलतभाऊ समोर. "गॅरेज चालवायचं तर आवळता आलं पाहिजे. ही गाडी याच दुखण्यासाठी आणखी एकदा दारात आली, तर चाव्या याला. मग तक्रार नको."

चुलतभाऊ कसनुसं हसला आणि त्याने पट्टीचं बटण दाबलं. ती सर्रकन आत गेली.

मला ते गॅरेज हवं होतं. उगाच आडपडदा कशाला? नवऱ्याच्या घरात माझी अशी एक खोलीही नाही, पण गॅरेजमधला कुठला पाना कुठल्या खिळ्यावर आहे ते मी डोळे मिटून सांगू शकते. खड्ड्याच्या तिसऱ्या पायरीचा कोपरा तुटलाय, तो माझ्याच हातून पडलेल्या जॅकने. छताच्या पत्र्याला जिथे भोक आहे तिथून सकाळी अकराच्या सुमाराला खड्ड्यात उन्हाचा एक ठिपका पडतो. तिथे सोफा येणार या विचाराने मला जेवण जाईना.

मी वकीलबाईंना म्हटलं, "मॅडम, चला, मला चालवून दाखवा."

हायवेला लागेपर्यंत त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. मी त्यांची घेणार होते, पण सवय त्यांना जास्त.

"दोनदा डिस्क बदलल्यात. बरोबर?"

"बरोबर."

"दोन्ही वेळा दोन-तीन महिने गाडी ठणठणीत. मग पुन्हा तेच. मग दोष डिस्कमध्ये कसा?"

"तेच शोधायचंय."

"म्हणजे दोनदा न शोधताच बदलल्यात."

मी म्हटलं, "वेग वाढवा."

नव्वद. शंभर. स्टिअरिंग शांत. चाकांचा तोल बिघडलेला असता तर ब्रेक न लावताही ते हललं असतं, म्हणजे टायर निर्दोष सुटले. "आता ब्रेक. हळूहळू, पण दाबून." त्यांनी दाबला आणि त्यांचे दोन्ही हात पीठ चाळत असल्यासारखे हलायला लागले. मी सीटवर तळहात ठेवून बघितला. सीट हलत नव्हती. मागच्या ब्रेकचा दोष असता तर तो बुडाखाली जाणवला असता. हातात जाणवतोय म्हणजे पुढचा. वेग कमी करून मी हँडब्रेक, जो फक्त मागच्या चाकांना लागतो, तो जरासा ओढून बघितला. काही नाही. मागची चाकंही सुटली.

"पुढचे ब्रेक," मी म्हटलं.

"ते तर मलाही माहीत होतं," वकीलबाई म्हणाल्या. "मला कारण हवंय. मी रोज नव्वद किलोमीटर जाते आणि नव्वद येते. परवा एक ट्रक समोर थांबला आणि माझ्या हातातून स्टिअरिंग सुटता सुटता राहिलं."

हे त्या शांतपणे म्हणाल्या, म्हणूनच मला जास्त लागलं.

गॅरेजमध्ये येऊन मी पुढची चाकं काढली. ब्रेकची डिस्क म्हणजे चाकाच्या मागे फिरणारी जाड लोखंडी थाळी. दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. ती थाळी सरळ फिरली पाहिजे. मी तिच्यावर डायल गेज लावलं. हे घड्याळासारखं दिसतं, आणि थाळी केसाच्या जाडीइतकी जरी डुलली तरी काटा सांगतो. काट्याने सांगितलं. जाडी मोजायच्या यंत्राने आणखी सांगितलं, की थाळी एका बाजूला झिजून पातळ झालीय. महिनोन् महिने डुलत फिरली, दर फेरीला पॅड एकाच जागी घासले, आणि आता ब्रेक दाबला की जाड-पातळ, जाड-पातळ. तेच वकीलबाईंच्या हातात जाणवत होतं.

पण नवीन थाळी बसवताना मी दोन्ही वेळा मोजली होती. तेव्हा ती सरळ होती. आकडे माझ्या वहीत होते. मी डिस्क बनवणाऱ्यांवर संशय घेतला, पॅडवर घेतला, पॅड दाबणाऱ्या पिस्टनवर घेतला, ते खोलून बघितले. एक संपूर्ण सकाळ मी वकीलबाईंच्या उजव्या पायावरही संशय घेतला. थाळी ज्या पृष्ठभागावर बसते तो घासून आरशासारखा केला. सगळे निर्दोष. आरोपी एकामागून एक सुटत होते आणि गुन्हा तर झालेला होता.

मग मी वही उलटी वाचायला घेतली. नवीन थाळी बसवली, मोजली: दोन शतांश मिलिमीटर, उत्तम. डायल काढलं. चाक लावलं. टकटक्याने आवळलं. गाडी खाली घेतली. गाडी गेली. असं वहीत लिहिलं होतं. 'गाडी खाली घेतली' आणि 'गाडी गेली' यांच्यामध्ये जे दर वेळी घडत होतं ते मी कधी लिहिलंच नव्हतं. कारण ते काम नव्हतंच. ते उस्तादांचे आशीर्वाद होते.

बाबा दुपारी जेवायला घरी जातात आणि तीनपर्यंत पडतात. मी शटर अर्धं ओढलं. नवीन थाळी बसवली, चाकाच्या जागी जाड वॉशर घातले, डायल लावलं आणि पाचही नट टकटक्याने आवळले. दोन शतांश. मग कोपऱ्यात उभा असलेला पाइप घेतला. माझ्या त्या हलक्या हाताने मी पाइपवर सगळं वजन टाकलं, एकामागून एक, बाबा करतात तसं, एक नट जास्त, एक त्याहून जास्त. थाळी फिरवली. काटा आठवर गेला.

मी नट सोडले, पुन्हा टकटक्याने आवळले. दोन. पुन्हा पाइप. आठ.

मला आधी हसू आलं. मग इतका राग आला की मी पाइप फेकला, आणि तो पडल्याच्या आवाजाने समोरचा लॉन्ड्रीवाला बाहेर येऊन बघायला लागला. बाबांना वाटायचं माझा हात हलका, म्हणून ते जास्त आवळायचे. जास्त आवळलं की थाळी वाकडी व्हायची. तीन महिन्यांनी गाडी थरथरत परत यायची. परत आली की बाबा म्हणायचे, बघा, हात हलका. आणि पाइप लांब व्हायचा. वडिलांचा आपल्यावर किती अविश्वास आहे हे बहुतेक मुलींना अंदाजाने ठरवावं लागतं. मला तो शतांश मिलिमीटरमध्ये मोजता आला.

सांगायचं ठरवूनच मी तीन वाजायची वाट बघत बसले. बाबा आले. त्यांच्या खांद्यावर नवा पाइप होता, चांगला अडीच हातांचा.

"भंगारवाल्याकडून आणला," ते म्हणाले. "तुझ्यासाठी. यावेळी गाडी परत येणार नाही, काळजी करू नकोस. मी आहे ना."

काय सांगणार? गुडघ्यांवर हात टेकत टेकत तो माणूस ते लोखंड दोन रस्ते ओलांडून घेऊन आला होता. माझं गॅरेज वाचवायला. मी टकटक्या पुसत बसले.

संध्याकाळी पाच वाजता वकीलबाई गाडी घ्यायला आल्या. बाबांनी बाह्या वर केल्या आणि नव्या पाइपने दहाच्या दहा पुढचे नट असे काही आवळले की चुलतभावानेसुद्धा टाळी वाजवली. मी वकीलबाईंच्या खिडकीशी वाकले आणि हळूच म्हटलं, "मॅडम, कोपऱ्यावर लॉन्ड्रीच्या पुढे वळून थांबा. मी येते."

त्या थांबल्या. मी पाठीमागच्या दाराने पाने आणि जॅक घेऊन गेले आणि नट सोडायला लागले. नट सोडताना माझ्या खांद्यातून कळ गेली, इतके ते घट्ट होते. काम करता करता मी त्यांना सगळं सांगितलं.

"वडिलांना सांगितलंस?"

"नाही."

"पुरावा आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. पण आरोपी माझे वडील आहेत, मॅडम."

त्यांनी पर्समधून गाडीची चावी काढली. मग म्हणाल्या, "अशी केस मी घेत नाही." आणि मी शेवटच्या नटाला 'टक' केल्यावर गाडी सुरू करून निघून गेल्या.

एका गाडीचं केलं तर बाकीच्यांनी काय पाप केलं होतं? दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक गाडी कोपऱ्यावर थांबवायला लागले. आत उस्ताद आवळायचे, बाहेर मी सोडून पुन्हा हिशोबाने आवळायचे. नट किती फिरवलाय ते कळावं म्हणून मी आत असतानाच, टकटक्याने आवळून झालं की, प्रत्येक नटावर आणि त्याला लागून चाकावर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ मारायला सुरुवात केली. बाबांनी विचारलं तर सांगितलं की कुठला नट झाला, कुठला राहिला हे लक्षात राहायला. कोपऱ्यावर गेलं की रेघ तुटलेली असायची. चाकावरचा अर्धा तुकडा एकीकडे, नटावरचा दुसरीकडे, घड्याळात पाच मिनिटं पुढे गेल्यासारखा. पुढेपुढे सात मिनिटं.

गिऱ्हाइकांना मी सांगायचे की ही आमची जास्तीची तपासणी आहे. गिऱ्हाईक खूश. लोक आपणहून विचारायला लागले, "कोपऱ्यावरचं कधी करणार?" एकाने तर आपल्या मेहुण्याला सांगितलं की या गॅरेजमध्ये दोनदा आवळतात, असं कुठेच करत नाहीत. ते खरंच होतं. असा मूर्खपणा कुठेच करत नसतील. लॉन्ड्रीवाल्याने माझ्यासाठी दुकानाबाहेर एक लाकडी पाट ठेवला, गुडघे टेकायला.

तीन महिने गेले. एकही गाडी थरथरत परत आली नाही. याचा परिणाम काय व्हावा हे शहाण्या माणसाला आधीच कळलं असतं. मला कळलं नाही, मी नट आवळण्यात गुंतले होते.

वकीलबाई आल्या, पण ऑइल बदलायला. बाबा खुर्चीतून उठून पुढे गेले.

"ब्रेक कसे आहेत?"

"उत्तम," वकीलबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "एकशे दहाच्या वेगातसुद्धा बोट हलत नाही."

बाबांनी अडीच हाती पाइप उचलून भिंतीला टेकवला. बक्षीस मिळालेली ढाल ठेवतात तसा. चुलतभाऊ नेहमीप्रमाणे होताच. बाबा त्याच्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? मी म्हणत होतो ना, नट सैल राहत होते. तीन महिने झाले, एक तक्रार नाही. सगळं आवळण्यावर असतं." मग ते खुर्चीत बसले आणि गुडघा चोळायला लागले. "पण मी किती दिवस आवळणार? यापुढे गॅरेजला जोरकस हात लागेल. ही कामाला चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. एक तारखेला तू चाव्या घे. तुझ्याकडे दोन दांडगी माणसं आहेत. हिला कामावर ठेव, म्हणजे झालं."

मी ऑइलचा डबा हातात धरून उभी होते. गाडी परत आली असती तर गॅरेज गेलं असतं. गाडी परत आली नाही, म्हणून गॅरेज गेलं. तीन महिने फुटपाथवर गुडघे सोलून मी सिद्ध काय केलं, तर उस्तादांच्या हाताशिवाय हे गॅरेज चालू शकत नाही. माझ्या चांगुलपणावर मी स्वतःच थुंकले असते, पण समोर गिऱ्हाईक होतं.

वकीलबाईंनी तोंड उघडलं. मी मान हलवून नको म्हटलं. हे त्यांनी सांगायचं नव्हतं. मी त्यांची गाडी पूर्ण करून दिली. चुलतभाऊ पट्टी खिशात घालून गेला. मग मी शटर अर्धं ओढलं आणि म्हटलं, "बाबा, एक गोष्ट दाखवायचीय. चष्मा लावा."

माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीचं पुढचं चाक काढून मी डायल लावलं. टकटक्याने पाच नट आवळले. थाळी फिरवली. "वाचा."

"दोन."

"आता तुमचा पाइप घ्या. आवळा. रोज आवळता तसं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठले, पाइप लावला आणि आवळले. लोक नव्हते तरी "हुं" केलं. मी थाळी फिरवली. ते वाकून काट्याकडे बघत राहिले. मी आकडा वाचला नाही. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

"नऊ," ते म्हणाले.

"यानेच स्टिअरिंग थरथरतं. दोन-तीन महिन्यांनी. मी गाड्या कोपऱ्यावर नेते आणि सोडून परत आवळते, म्हणून तक्रार येत नाही. सैल कधीच नव्हते बाबा. माझा एकही नट कधीच सैल नव्हता."

माझा आवाज चिरकला. मला तसं व्हायला नको होतं, पण झालं.

त्यांनी एकेका नटावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "हे कधीपासून?"

"पाइप आल्यापासून."

"म्हणजे तू चाकांना हात लावायला लागलीस तेव्हापासून."

"हो."

त्यांनी पाइप जमिनीवर ठेवला. ते अवजार जमिनीवर कधी ठेवत नाहीत. शटरखालून वाकून ते घरी गेले. वाकताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, आणि मी आधार द्यायला पुढे झाले नाही. त्याचं मला रात्रभर वाईट वाटत राहिलं, आणि वाईट वाटतंय याचा रागही येत राहिला.

सकाळी मी पोचले तेव्हा बाबा खुर्चीत होते. त्यांनी तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं होतं. अकराच्या सुमाराला एका बेकरीवाल्याची व्हॅन तयार झाली, पुढचे ब्रेक केले होते. मी टकटक्याने आवळलं, सवयीने पिवळ्या रेघा मारल्या, गाडी खाली घेतली. बेकरीवाला जुनं गिऱ्हाईक. तो आत बसलाच नाही.

"उस्ताद, हात राहिला की."

बाबा उठले. बाह्या वर केल्या. कोपऱ्यातून अडीच हाती पाइप घेतला.

काट्याकडे बघून, स्वतःच्या तोंडाने नऊ वाचून, पुन्हा तेच. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण मी उभी राहून सगळं बघितलं. ते पाइपवर रेलले. कपाळावरची शीर फुगली. "हुं." दुसरा नट. "हुं." दहाच्या दहा, मग मागचे. कधी नव्हे इतकी मेहनत त्यांनी केली, शेवटी तर ते धापा टाकत होते. बेकरीवाला म्हणाला, "या वयात ही ताकद," आणि त्याने बाबांना हात जोडले. मला दोघांचीही शिसारी आली. मी जॅक आणि पाने उचलले आणि मागच्या दाराने कोपऱ्यावर गेले.

लॉन्ड्रीच्या पाटावर गुडघे टेकले. पुढचं डावं चाक. दांडा लावून मी नेहमीप्रमाणे अंगाचा सगळा भार टाकला, आणि नट इतका सहज सुटला की मी फुटपाथवर आपटले.

उठून मी बाकीचे नट बघितले. पिवळी रेघ नटावरून चाकावर सरळ गेली होती. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावरही. मी व्हॅनला वळसा घालून उजव्या चाकाशी गेले, मग मागच्या. कुठेही रेघ तुटलेली नव्हती. इतका घाम गाळून त्यांनी एकही नट केसभरसुद्धा हलवला नव्हता. जिथे मी थांबवला होता तिथेच तो होता.

"काय झालं?" बेकरीवाल्याने खिडकीतून विचारलं. "काही बिघडलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "डोळ्यात धूळ गेली." सुटलेला तेवढा एक नट मी टकटक्याने परत आवळला आणि त्याला जायला सांगितलं.

मी आत आले तेव्हा बाबा फोनवर होते. "नाही, जागा रिकामी होत नाहीये," ते चुलतभावाला सांगत होते. "सोफा दुसरीकडे कुठेतरी बघ. आणि ती पट्टी आता घरी ठेव." त्यांनी फोन ठेवला, पाइप कोपऱ्यात उभा केला आणि माझ्याकडे न बघता हात पुसायला लागले.

"कोपऱ्यावर सगळं घट्ट होतं ना?"

"होतं."

"मग उगाच दुसऱ्यांदा तपासत जाऊ नकोस," ते म्हणाले. "माणसाला वाटतं, भरवसा नाही."